रायफल विकत घ्यायची की घडवत राहायची?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत माणूस कोणी नाही, पण तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं होती. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढे पंधरवड्याच्या आत गणपती. रायगडात नाकाबंदी लागली आणि मुंबईपर्यंत धाकधूक पोचली. त्याच दिवशी विधानसभेत खुलासा झाला. ‘लेडी हान’ नावाची ती नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जूनला भर समुद्रात तिचं इंजिन बंद पडलं, वरच्या माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे नौका काही ओढून नेता आली नाही. ती भरकटत भरकटत आपल्या दारात आली. घातपाताशी तिचा संबंध नव्हता.

तरी त्या दिवशीची भीती उगाच नव्हती. १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला, आपल्याच किनाऱ्यावर, आरडीएक्स आणि शस्त्रं उतरली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण आले तेही समुद्रातूनच. सीएसटीवर त्यांच्या एके रायफलींसमोर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्याही आधी आखलेलं हत्यार. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्याकडे तर नुसती काठी होती. त्यांनी कसाबची रायफल नळीला धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे.

कोकणचं या विषयाशी दुसरंही नातं आहे. जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून सैन्यात जाण्याची रीत कैक पिढ्यांची. दापोलीला लष्करी छावणी होती, म्हणून तिचं नाव अजून ‘कॅम्प दापोली’. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर पुढे एकमेकींना छेद देणाऱ्या मशीनगन आल्या, कारण १९४६ मध्ये ती मशीनगन चालवणारी रेजिमेंट झाली. मंडणगड, खेड, महाड या पट्ट्यात आजही भरतीच्या तयारीला लागलेली पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. यातला जो निवडला जाईल त्याच्या हातात सरकार एक रायफल देणार आहे.

म्हणून सैन्याची आणि पोलिसांची रायफल कोणती, हा प्रश्न फक्त दिल्लीतल्या तज्ज्ञांवर सोपवून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. या विषयावर आपल्याकडे वाद झालाच तर तो स्वदेशी की विदेशी या एकाच मुद्द्यावर होतो. मला त्याहून मोठी उणीव दिसते. गेल्या चाळीस वर्षांत आपण रायफलीची एकही रचना हातात धरून, तिच्यातले दोष मान्य करून, तिची दुसरी, तिसरी, चौथी आवृत्ती काढत पुढे गेलो नाही. एक रचना केली, तिला नावं ठेवली, आणि बाजारात गेलो. हे थांबायला हवं.

का थांबायला हवं ते समजायला रायफल आतून कशी चालते हे थोडं पाहावं लागेल.

चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि गोळी नळीतून सुटते. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. गोळी त्या भोकापुढे गेली की मागचा तापलेला वायू तिथून वर घुसतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनबरोबर बोल्ट कॅरिअर मागे येतो, त्यातल्या तिरक्या खाचेमुळे बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या, फिरतो, त्याचे दात खाचेतून सुटतात. मग बोल्टाला असलेली आकडी रिकामं पितळी टरफल चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीतून, ओढून काढते, ते बाहेर फेकलं जातं, मागची स्प्रिंग सगळा जथा पुन्हा पुढे लोटते आणि जाता जाता मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये सरकतं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शात. दारू थोडी वेगळी जळली, मॅगझिनची स्प्रिंग मंद पडली, तेल थंडीने दाटलं, चेंबर खरबरीत झालं, यातलं काहीही एक झालं की साखळी तुटते आणि रायफल अडकते. म्हणून रायफल नीट चालते की नाही याचा हिशेब नळी, गोळी, मॅगझिन, तेल, सफाई आणि हवामान यांचा मिळूनच मांडावा लागतो.

आता यात आपलं हवामान घाला. मृग लागला की किनाऱ्यावर लोखंडाची काय दशा होते ते इथे कोणाला सांगायला नको. खिडकीचे गज दरवर्षी रंगवले तरी सांध्यात गंज फुगतोच. मिठाचा गुण असा की ते हवेतली ओल धरून ठेवतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी पोलादावर खाऱ्या ओलाव्याचा पातळ थर राहतो आणि आपलं काम करत राहतो. रायफलीच्या चेंबरमध्ये या गंजाने डोळ्यांना धड न दिसणारे खड्डे पडतात. गोळी झाडली की दाबाने पितळी टरफल फुगतं आणि त्या खड्ड्यांत रुतून बसतं. मग आकडी ओढते, टरफलाची कड फाटते आणि टरफल आतच राहतं. यावर उपाय माहीत आहेत. नळीला आणि चेंबरला आतून क्रोमचा मुलामा, बाहेरच्या भागांना फॉस्फेटचा थर, आणि रोजची सफाई.

आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना सफाईचं काम हाताने करून दाखवतात. रायफल अर्थात नसते, तिच्याजागी पाइपाचा तुकडा असतो. पुलथ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या, दोरीच्या फासात चार बाय दोनची चिंदी ते अशी घडी घालून अडकवतात की ती नळीत घट्ट बसावी, पण अडकू नये. दोरी एका दमात, सरळ ओढायची. मध्ये थांबलं की मळ तिथेच बसतो. कोरड्या चिंद्या एकामागून एक, शेवटची पांढरीशुभ्र निघेपर्यंत, आणि त्यानंतरच तेलाची. तेल फाजील झालं तर त्यावर धूळ चिकटते, कमी पडलं तर खारी हवा आत शिरते. कॉलेजात एनसीसीत ‘खोलना-जोडना’ केलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. मी सुभेदारांना एकदा विचारलं, रायफलीत दोष सापडला तर तुम्ही काय करत होता? ते म्हणाले, “लिहून वर देत होतो. वर म्हणजे कुठे, आणि पुढे त्याचं काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही.” बोलताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र तेव्हापासून हेच या सगळ्याचं मूळ वाटत आलं आहे.

दोषाचं काय करायचं, याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेचं आहे. यूजीन स्टोनर यांच्या रचनेवरून आलेली एम-१६ रायफल १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये गेली. हलकी, नेमकी, चांगली रायफल. पण सैन्याने काडतुसातली दारू बदलली, आणि नवी दारू जास्त मळ सोडणारी निघाली. चेंबरला क्रोम नव्हता. सैनिकांना सफाईचं सामान पुरेसं मिळालं नाही, ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज मात्र पसरला. हवा व्हिएतनामची, म्हणजे आपल्या कोकणासारखीच दमट. टरफलं चेंबरमध्ये अडकू लागली, आणि उघडलेली रायफल हातात असताना सैनिक मारले गेले. ओरड झाली, १९६७ मध्ये संसदेच्या उपसमितीने चौकशी केली आणि दोष उघडपणे नोंदवला. मग क्रोम आला, सफाईचे संच आले, दारूची दुरुस्ती झाली. त्याच रायफलीची वंशावळ, एम-१६ आणि तिची आखूड बहीण एम-४, पुढे पन्नास वर्षांहून जास्त काळ त्यांच्या सैन्याचं मुख्य हत्यार राहिली. एवढी बदनाम झालेली रायफल त्यांनी फेकून दिली असती तर तिची जागा घ्यायला त्यांच्याकडे काय होतं?

ब्रिटिशांची कथाही वेगळी नाही. १९८५ मध्ये त्यांनी एसए-८० नावाचं घराणं सैन्यात आणलं: एक रायफल आणि त्याच सांगाड्यावरची एक जड नळीची आधारबंदूक. १९९१ च्या आखाती युद्धात वाळूने तिची पार अब्रू घालवली. दहा वर्षं टीका झाली. शेवटी २००० नंतर हेकलर अँड कोख या जर्मन कंपनीकडून सुमारे दोन लाख रायफली उघडून आतले भाग नव्याने बसवण्यात आले. ती ए-२ आवृत्ती चालली, आणि पुढे ए-३ ही आली. खर्च झाला, मान खाली घालावी लागली, पण रचना जिवंत राहिली. खुद्द कलाश्निकोव्हची एकेसुद्धा पहिल्या दिवसापासून निर्दोष नव्हती. १९४९ ला सैन्यात आलेल्या पहिल्या घडणीत पत्रा ठोकून केलेली चौकट नीट जमेना, म्हणून बरीच वर्षं ती अख्ख्या पोलादातून कोरून काढावी लागली. पत्र्याची चौकट पक्की जमली ती १९५९ च्या एकेएममध्ये. आज जिला आपण कधीच न बिघडणारी रायफल म्हणतो तिच्यामागे अशी दहा वर्षांची झटापट आहे.

आणि आपण?

१९६२ च्या युद्धात आपले सैनिक चिन्यांपुढे थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. त्यानंतर बेल्जियमच्या एफएएल रायफलीवरून बेतलेली ७.६२ मिलिमीटरच्या गोळीची एसएलआर रायफल ईशापूरच्या कारखान्यात होऊ लागली. मजबूत पण लांब आणि जड. ऐंशीच्या दशकात ठरलं की आता ५.५६ मिलिमीटरचं, पूर्णपणे आपलं घराणं करायचं. काम पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीईकडे, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेकडे आलं. त्यातून आली इन्सास. कलाश्निकोव्हसारखा पिस्टन आणि फिरता बोल्ट, एफएएलसारखा वायू कमी-जास्त करायचा रेग्युलेटर, जर्मन पद्धतीप्रमाणे डाव्या बाजूला पुढे असलेलं कॉकिंग हँडल. एकेक गोळी किंवा एका चापाला तीन गोळ्या. आतली काडतुसं बाहेरून मोजता येतील असं अर्धपारदर्शक मॅगझिन. कल्पना उत्तम होती: एकच यंत्रणा, तिच्यावर रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन (आखूड नळीची रायफल) अशी तीन भावंडं. एकीचा सुटा भाग दुसरीला बसणार, गोळी एकच, शिकवणं एकदाच. घराणं करण्याचा खरा फायदा हाच असतो.

पण तीनपैकी दोनच भावंडं सैन्यात पोचली, कार्बाइन मागे राहिली. रायफलीचं उत्पादन सुरू व्हायला नव्वदचं दशक अर्धं सरलं, आणि ५.५६ ची गोळी देशात पुरेशी होत नसल्याने ती इस्रायलकडून आणावी लागली. पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या कारखान्यात ही गोळी भरपूर होऊ लागली, पण सुरुवातीची ढिलाई महागात पडली. मधल्या काळात, १९९० च्या सुमारास, परदेशातून एक लाख एके घेऊन वेळ मारून न्यावी लागली.

मग कारगिल. १९९९ मध्ये उंच डोंगरांवरच्या त्या थंडीत इन्सासची मॅगझिनं तडकली, काही रायफली अडकल्या, काहींच्या तेलाचे शिंतोडे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत उडाले. हे दोष खरे होते, आणि ज्यांनी ते तिथे भोगले त्यांचा राग रास्तच होता. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही तक्रार केली. पण एम-१६ च्या तुलनेत पाहा: मॅगझिनचं प्लॅस्टिक बदलणं, तेल बदलणं, वायूच्या वाटेची दुरुस्ती करणं, ही रायफल टाकून द्यायची कारणं होती की दुसरी आवृत्ती काढायची? घडीचा दस्ता आला, फुटकळ सुधारणा झाल्या. एक्सकॅलिबर नावाची आखूड, सलग मारा करणारी सुधारित रायफलही इन्सासवरूनच तयार झाली. तोवर सैन्याचा विचार बदलला होता.

तो कसकसा बदलत गेला ते सांगण्यासारखं आहे. २०११ मध्ये निविदा काढली ती दुहेरी रायफलीची: नळी बदलली की ५.५६ ची रायफल एकेसारखी ७.६२ ची व्हावी. जगातल्या नामवंत कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या, आणि २०१५ मध्ये ती निविदा रद्द झाली. पुढच्याच वर्षी ठरलं की गोळी मोठी, ७.६२ बाय ५१ ची (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा टरफलाच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये) हवी. एक्सकॅलिबर तिथेच बाद झाली. २०१९ मध्ये तातडीची खरेदी म्हणून ७२,४०० सिग-७१६ रायफली अमेरिकेकडून घेतल्या, त्या या मोठ्या गोळीच्या. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ या रशियन रचनेच्या रायफलीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ती ७.६२ बाय ३९ ची. कार्बाइनसाठी २०१८ मध्ये अमिरातीची कंपनी निवडली आणि दोन वर्षांनी तोही व्यवहार रद्द केला. इन्सास अजून लाखो हातांत आहेच. म्हणजे एकाच पायदळात तीन तऱ्हांच्या गोळ्या आल्या. वजनात सांगायचं तर ५.५६ चं काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, मोठं ७.६२ दुप्पट, २४ च्या आसपास. अंगावर दीडशे काडतुसं घेऊन चढणाऱ्या जवानाच्या पाठीवर हा फरक पावणेदोन किलोच्या पुढे जातो. रसद पोचवणाऱ्याच्या डोक्याला होणारा ताप वेगळाच.

प्रत्येक निर्णयामागे काही कारण होतं, हे मला मान्य आहे. काश्मीरच्या गल्लीबोळात हवी ती गोळी वेगळी आणि उंच डोंगरात पाचशे मीटरवर हवी ती वेगळी. पण दर पाच वर्षांनी गोळीच बदलत असेल तर रचना करणाऱ्याने काय करावं? गोळी बदलली की नळी, चेंबर, बोल्ट, मॅगझिन, स्प्रिंगा, सगळं पुन्हा मांडावं लागतं. दोष काढून रायफल बरी करायला लागणारी दहा वर्षं त्याला कधी मिळतच नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सैनिकाच्या जिवावर प्रयोग का करायचे? जगात सिद्ध झालेली रायफल मिळत असताना आपल्या पोराच्या हातात अर्धवट हत्यार का द्यायचं? ज्यांचा मुलगा सीमेवर आहे त्यांना हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. माझं उत्तर असं की अडचणीच्या वेळी विकत घ्यावं, जरूर घ्यावं. २०१९ ची तातडीची खरेदी मी चूक म्हणणार नाही. पण जी ‘सिद्ध’ रायफल आपण घेतो ती दुसऱ्याच्या हवामानात, दुसऱ्याच्या गोळीने, दुसऱ्याच्या सैनिकांनी सिद्ध केलेली असते. आपल्याकडे आल्यावर तिच्यातही दोष निघतात, आणि मग ते दुरुस्त करायचा अधिकार आपल्याकडे नसतो. परवान्यावर जोडणी करताना आराखडा दुसऱ्याचा असतो, त्यातली एक मापरेषा हलवायची तरी त्याची संमती लागते. कोरव्याच्या कारखान्याचं उद्घाटन २०१९ च्या मार्चमध्ये, सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार २०२१ च्या डिसेंबरात, आणि पहिली खेप तयार झाली २०२३ च्या जानेवारीत. म्हणजे हाताशी तयार रचना असूनही जवळजवळ चार वर्षं गेली. विकत घेणं म्हणजे झटपट मिळणं, हेही दरवेळी खरं ठरत नाही.

इथल्या गावांत कोयता लोहाराकडूनच करून घेत आणि दर हंगामाआधी त्याच्याकडेच नेत. धार कुठे बसली, मूठ कुठे ढिली झाली, हे पाहून लोहाराला कळे की हा माणूस कवळं तोडतो की बांबू, आणि पुढचा कोयता तो त्या हिशेबाने करी. रायफलीच्या बाबतीत वापरणारा आणि घडवणारा यांच्यातली ही ये-जा आपण कधी बसवलीच नाही. सुभेदारांनी लिहून दिलेला कागद पाषाणच्या मेजापर्यंत पोचला की नाही, ते कोणालाच ठाऊक नाही.

ती बसवता येते, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. २०२१ मध्ये अस्मी नावाचं ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल पुढे आलं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड हे महूच्या इन्फंट्री स्कूलमधले, म्हणजे वापरणाऱ्यांपैकी. ते एआरडीईच्या अभियंत्यांबरोबर बसले आणि काही महिन्यांत हत्यार उभं राहिलं, चापाचा भाग तर थ्री-डी प्रिंटिंगने केलेला. पुढे सैन्याच्या उत्तर कमांडने ते घेतलं. २०२४ च्या जानेवारीत एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर उग्रम ही ७.६२ बाय ५१ ची रायफल दाखवली, चार किलोपेक्षा कमी वजनाची आणि शंभर दिवसांच्या आत घडवलेली. याचा मला आनंद आहे. पण शंभर दिवसांत होतो तो पहिला नमुना. तिची परीक्षा नंतरच्या दहा वर्षांत आहे, आणि तेवढा दम धरण्याची तयारी कोणी दाखवतं का, ते पाहायचं.

आणि परीक्षा कुठे घ्यायची? आपल्याकडे शस्त्राचा विचार निघाला की बर्फ आणि वाळवंट आधी डोळ्यांपुढे येतं. सियाचीन आणि राजस्थान हे बरोबरच आहे. पण देशाचा किनारा हजारो किलोमीटरचा आहे. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, बंदरांवरचे पहारे, हे सगळे खाऱ्या हवेत हत्यार बाळगतात. प्रयोगशाळेत मिठाच्या फवाऱ्याची चाचणी असते: ३५ अंशांच्या बंद पेटीत पाच टक्के मिठाचं पाणी तासन्‌तास फवारायचं. दोन मुलाम्यांची तुलना करायला ती उपयोगाची आहे. मात्र आपला समुद्र एकसारखा फवारा मारत नाही. रात्री ओल, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा खारा वारा, मध्येच आठवडाभर सूर्याचं नाव नाही, असं त्याचं चालतं. हे पेटीतून कळत नाही. हर्णै, दिघी किंवा देवगडसारख्या ठिकाणी मृगापासून हस्तापर्यंत रायफली साध्या कोठारात ठेवून, नेहमीच्या माणसांकडून नेहमीचीच सफाई करून, ठरावीक दिवसांनी त्या झाडून पाहिल्या पाहिजेत. किती गोळ्यांमागे किती वेळा अडकली, कुठला भाग गंजला, मॅगझिनची स्प्रिंग किती मंदावली, याची नोंद व्हावी आणि ती रचनाकाराच्या मेजावर जावी. गुप्ततेच्या नावाखाली हे आकडे पूर्ण झाकून ठेवायचं काही कारण नाही. अमेरिकेच्या संसदेने भर युद्धात तिच्या रायफलीचे दोष छापून ठेवले, त्याने त्यांचं सैन्य कमजोर झालं नाही.

राज्य सरकारकडेही मागणं आहे. किनाऱ्यावरच्या ठाण्यांतली शस्त्रकोठारं कोरडी ठेवायला मोठा खर्च लागत नाही. हवा खेळती राहील अशी मांडणी, ओलावा शोषणारी पेटी, तेल आणि चिंद्यांचा वेळच्या वेळी पुरवठा, आणि वर्षातून ठरावीक वेळा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव. रायफल चालते की नाही हे झाडल्याशिवाय कळत नाही, आणि चालवणाऱ्याचा हात बसला की नाही हेही.

नवी संधी समोर आहेच. २०२५ मध्ये सैन्यासाठी सुमारे सव्वाचार लाख कार्बाइन घेण्याचं ठरलं, ५.५६ बाय ४५ च्या. त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आला, आणि त्यांची रचना एआरडीईची. इन्सासच्या घराण्यात राहून गेलेलं तिसरं भावंड इतक्या वर्षांनी पाषाणहूनच येतंय. गोळी वरणगावची, रचना पाषाणची, कारखाना महाराष्ट्रातला. कारगिलसारखे दोष यातही निघतील, पहिल्या आवृत्तीत ते निघतातच. ते निघाल्यावर आपण पुन्हा बाजाराची वाट धरणार की दुसरी आवृत्ती काढणार, हे करारात आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं, कारण दोष निघाल्यावर ओरड होते आणि ओरडीत कोणी दहा वर्षांचा विचार करत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडच्या खासदारांनी लोकसभेत एवढं तरी विचारावं: या कार्बाइनच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पैसे वेगळे काढून ठेवले आहेत का, जवानाने लिहून दिलेला दोष कोणाच्या मेजावर जातो आणि त्याला किती दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, आणि चाचण्यांच्या यादीत किनाऱ्यावरचा एक अख्खा पावसाळा आहे का.